शुद्ध बोलणारा इसम

चन्नप्पा मास्तर त्या बोळात ऐकायला थांबलेच नव्हते. हातात वांग्यांची पिशवी होती, दिवेलागण होत आली होती आणि पुढची माणसं हलत नव्हती म्हणून ते उभे होते, एवढंच. गावात लष्करी कायदा लागल्यापासून चार माणसांनी एके ठिकाणी उभं राहायचीही चोरी झाली होती. तरी मंगळवार पेठेतल्या त्या बोळात माणसं उभी होती. कुणी वहाणेचा अंगठा ठीक करत होतं, कुणी उगीचच भाजीचा भाव विचारत होतं, आणि सगळ्यांचे कान वर होते. वर एका घराच्या माळवदावर, सपाट छताच्या कडेला, तोंडाला पंचा गुंडाळलेला माणूस उभा राहून बोलत होता. काय बोलत होता तिकडे मास्तरांचं लक्ष नव्हतं. सरकार, गिरणी, गोळीबार, असलं काहीतरी. जे कानावर पडू नये म्हणून हल्ली मास्तर रस्त्याच्या कडेकडेनं चालत, त्यातलंच. पण डोळे मिटता येतात तसे कान मिटता येत नाहीत. "आमचा भाकर तुम्ही हिसकून घेतला," असं तो माणूस म्हणाला, आणि भातात खडा लागावा तसं मास्तरांना झालं. "आमची भाकर. घेतली," ते म्हणाले. मनात म्हणालो असं त्यांना वाटलं. पण ते मोठ्यानं म्हणाले होते, वर्गात म्हणत तसंच, अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं. वरचा आवाज थांबला. मग तो माणूस म्हणाला, "चुकलो, मास्तर. आमची भाकर तुम्ही हिसकून घेतली."

मास्तरांच्या वर्गात असंच चाले. छडी नाही, कान पिरगाळणं नाही. ज्याचं चुकलं त्यानं उभं राहायचं, "चुकलो, मास्तर" म्हणायचं, आणि सगळं वाक्य पहिल्यापासून नीट करून परत म्हणायचं. मग खाली बसायचं. पेठेतली पोरं वर्षानुवर्षं हे करत आली, आणि पुढे गिरणीत, मागावर, दुकानाच्या गादीवर जाऊन बसली तरी मास्तर समोर आले आणि जीभ अडखळली की त्यांच्या तोंडून ते आपोआप येई. मास्तरांना याचा अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत. त्या संध्याकाळी बोळात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच शिट्टी वाजली. माणसं पांगली, माळवदावरचा माणूस शेजारच्या माळवदावर उडी टाकून दिसेनासा झाला, आणि मास्तरही पळाले. पन्नाशीचा माणूस, एका हातात धोतराचा सोगा धरून. वांगी तिथंच सांडली. घरी पोचून दाराला कडी घातल्यावर आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं. त्या बोळात पोलिसांचा माणूस नव्हता असं होणं शक्य नव्हतं. त्यानं काय ऐकलं? वरचा माणूस कुणा मास्तराच्या हाताखालून गेलेला आहे, आणि तो मास्तर खाली उभा आहे. मग वरचा कोण हे त्या मास्तराला ठाऊक असणारच. आणि ठाऊक होतंच. पंच्यानं तोंड झाकता येतं, पण भाकरीचं असं करणारा शिवयोगीच. बाकी सगळं सुधारलं, ते एक शेवटपर्यंत सुधारलं नाही. मागच्या बाकावर बसायचा, आता गिरणीत लागला होता, आणि त्याच्या घराचा जिनासुद्धा मास्तरांना डोळ्यांपुढे दिसत होता.

"वांगी?" अंबुबाई म्हणाल्या. त्यांचं बोलणं असंच असे, एका शब्दाचं. लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या तेव्हा अक्कलकोटकडची कानडी भरभरून बोलत आणि मराठी मोडकीतोडकी का होईना, पण हसत बोलत. मास्तर प्रत्येक वाक्याला थांबवत. हळूहळू अंबुबाईंनी युक्ती काढली. वाक्य पुरं करायचंच नाही. वस्तूकडे बोट करायचं, एक शब्द टाकायचा आणि गप्प बसायचं, म्हणजे चूक निघायला जागाच उरत नाही. मास्तरांना ही युक्ती पुष्कळ वर्षांनी कळली, आणि कळली तेव्हा घरात इतकी शांतता झाली होती की ती मोडायची कशी हे त्यांना सुचलं नाही. "सांडली," ते म्हणाले. अंबुबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी काहीतरी विचारावं असं मास्तरांना फार वाटलं. कसंही, चुकीचं, कानडीत, पण विचारावं.

भीतीचे दोन भाग होते. पोलीस धरतील हा एक. तो साधा होता, गावात सगळ्यांनाच होता. पांढरी टोपी घातली म्हणून माणसं धरली जात होती. दुसरा भाग मास्तरांचा स्वतःचा होता, आणि तो रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसून राहिला. धरल्यावर आपण नाव सांगू. फार मारावं लागणार नाही. ज्याच्या तोंडात एक भाकर राहिली नाही, त्याच्या तोंडात एक नाव काय राहणार? त्यांना आपलं तोंड चांगलं माहीत होतं. "पाणी आला" म्हणणाऱ्या भिस्त्याला त्यांनी भर उन्हात थांबवून ठेवलं होतं. दवंडीवाल्याच्या मागून चालत जाऊन त्याची दवंडी सुधारली होती. मयताला गेले असताना रडणाऱ्या माणसाचं "वडील गेली" त्यांच्या कानात अडकलं होतं, आणि ते काही बोलले नाहीत खरं, पण त्यांचे ओठ हलले होते आणि त्या माणसानं ते पाहिलं होतं. लोक चिडत, मागून नकला करत. राघवाचार्य मात्र हसत. हे त्यांच्याच शाळेतले मास्तर; कपाळाला गोपीचंदन, आवाज खणखणीत, भाषा धुतल्यासारखी, आणि तरी जन्मात कुणाची चूक काढली नाही. "अहो चन्नप्पा, दारात पाणी आलं आहे हे कळलं ना तुम्हाला?" ते म्हणत. "मग पाणी आला असेल नाहीतर आली असेल, भरून घ्या की." मास्तरांना वाटे, तुमचं काय जातं असं म्हणायला. तुम्हाला ही भाषा आईच्या दुधाबरोबर मिळाली.

पेठेच्या नाक्यावर लष्करी हुकूम डकवलेला होता, त्यापाशी मास्तर पहिल्याच दिवशी थबकले होते. कुणीतरी इंग्रजीवरून मराठी केलेलं. "जो कोणी इसम तशी टोपी घातला गेलेला आढळून येईल तो पकडला जाण्यास पात्र होईल," अशा काहीशा चालीचं. टोपीसाठी माणसाला धरतात याचा त्यांना राग आला नाही; "घातला गेलेला" याचा आला. इतका, की घरी येऊन जेवताना त्यांनी तीच एक गोष्ट अंबुबाईंना सांगितली. आता आढ्याकडे बघत पडल्या पडल्या त्यांना ते आठवलं आणि ओशाळल्यासारखं झालं. त्याच नाक्यावर माणसं मेली होती. आपण हे कसले झालो? आणि कधी झालो? हे त्यांना ठाऊक होतं, पण तिकडे ते सहसा जात नसत. त्यांची आई नागम्मा, दुपारच्या सुट्टीत शाळेच्या दारात उभी. कडेला फडक्यात बांधलेली शिदोरी. तिला हाक मारायची होती, आणि शहरातल्या शाळेत कानडीतून हाक मारायची तिला भीती वाटली असावी, म्हणून तिनं मराठीत विचारलं, "माझी चन्ना आली का?" सगळी शाळा हसली. पंतोजी हसले. पुढे कित्येक दिवस तो आला की पोरं म्हणत, चन्ना आली. त्या पोरानं मग मराठी अशी घोटली की पंतोजींच्याही चुका काढाव्या. आईच्याही काढल्या. बाजारात, पाहुण्यांदेखत, देवळात. शेवटच्या आजारात नागम्मा फक्त कानडी बोलली. "नीरु कोडु," ती म्हणायची, पाणी दे. आणि तो पाणी द्यायचा, पण उत्तर मराठीत द्यायचा. तिच्या तोंडाशी वाकून तिच्याच भाषेतला एक शब्द बोलायला त्याला भीती वाटत होती, तो शब्द परत आत गेला नाही तर काय करायचं म्हणून.

मायाप्पा आला तेव्हा टळटळीत दुपार होती. मायाप्पा म्हणजे सांगोल्याकडचा धनगराचा पोरगा, मास्तरांचाच विद्यार्थी, आता पोलीस शिपाई. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला आणि डोक्यावरची पगडी काढून काखेत धरली.

"मास्तर, उद्या सकाळी चौकीवर या म्हनून सांगितलंय. तुमालाच न्हाय, पेठंतल्या समद्या मास्तरास्नी."

"कशाला?"

"शुद्ध बोलनारा इसम पायजे हाय त्यास्नी."

एवढं बोलून मायाप्पा वाट पाहत उभा राहिला. मास्तरांच्या लक्षात आलं की तो कशाची वाट पाहतो आहे. इतकी वर्षं तो "म्हनून" म्हणाला की मास्तर "म्हणून" म्हणत, आणि तो "चुकलो, मास्तर" म्हणे. मास्तर काही बोलले नाहीत. मायाप्पानं मान वर करून त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि बोळातला तो मास्तर कोण हे त्याला कळलं, हे मास्तरांना कळलं.

"फौजदार भायेरचा हाय," मायाप्पा खालच्या आवाजात म्हणाला. "हितं कुनाला वळखत न्हाय. पडद्याआड एक मानूस बसवलाय. त्यानं नुसता आवाज ऐकलाय, तोंड न्हाय बघितलं. त्यानं वळखलं की ठेवून घ्यायचं आन वर कोन हुता ते विचारायचं."

"कसं विचारतात?"

"लई वंगाळ, मास्तर," मायाप्पा म्हणाला आणि पगडी घालून उन्हात निघून गेला.

चौकीच्या ओसरीवर मास्तरमंडळी ओळीनं बसली होती. एकेकाला आत नेत आणि थोड्या वेळानं बाहेर सोडत. बाहेर आलेला कुणाकडे न बघता वहाणा पायात सरकवी आणि चालू लागे. उन्हानं फरशीतून वाफ येत होती. मास्तर मनातल्या मनात शिवयोगीचं नाव गिळत होते; गिळावं तसं ते परत वर येत होतं. नाव जिभेच्या शेंड्यावर आहे म्हणतात ते किती खरं आहे हे त्यांना त्या ओसरीवर समजलं. तोंड उघडायचं म्हटलं तर आधी तेच बाहेर येईल असं वाटून त्यांनी ओठ आवळून धरले होते. शेजारी राघवाचार्य उपरण्यानं वारा घेत होते.

"चन्नप्पा, आज अगदी गप्प तुम्ही," ते म्हणाले. मास्तर समोरच्या वहाणांकडे बघत राहिले. राघवाचार्यांचं उपरणं थांबलं. समोर बघतच ते हळू म्हणाले, "त्या बोळात तुम्ही होता तर."

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

"आणि तो कोण, हे ठाऊक आहे तुम्हाला?"

"आहे."

"मला सांगू नका," राघवाचार्य म्हणाले आणि परत वारा घेऊ लागले.

मास्तरांचा पुकारा झाला. आत खोलीत अंधार होता, किंवा उन्हातून आल्यामुळे वाटला. मेजाशी फौजदार, बाजूला लिहिणारा कारकून, दाराशी मायाप्पा. कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा सोडलेला होता आणि त्याखाली कुणाची तरी अनवाणी पावलं दिसत होती. एक पाऊल दुसऱ्या पावलाची खाज घालवत होतं. मास्तरांची नजर त्या पावलांवरून हलेना. "घाबरायचं कारण नाही," फौजदार कंटाळून म्हणाला. "सकाळपासून काय काय केलंत ते सांगा. मोठ्यानं." मास्तरांनी तोंड उघडलं. खोटं बोलायचं, सोंग घ्यायचं, असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. शपथ घ्यायला सांगितली असती तर घेतली असती. त्यांना फक्त भीती वाटत होती, जिभेच्या मुळाशी. आणि जे बाहेर आलं ते असं होतं: "मी सकाळी उठली, साहेब. माझा बायको पाणी तापवला. आंघोळ केला. भाकर खाल्ला. मग हितं आली." कारकुनाची लेखणी थांबली. फौजदारानं मान वर केली. "तुम्ही मराठी शिकवता?" "व्हय, साहेब," मास्तर म्हणाले. तो आवाजही त्यांचा नव्हता. बारीक, शेवटाला वर जाणारा, माफी मागितल्यासारखा. तो नागम्माचा आवाज होता. इतकी वर्षं तो कुठं बसून राहिला होता देव जाणे. कारकून उघड हसला. पडद्याआडून कुणीतरी म्हणालं, "ह्यो न्हाय, साहेब. त्यो लई शुद्ध बोलत हुता." "मलाही कान आहेत," फौजदार म्हणाला, आणि मास्तरांना हातानंच बाहेरचा रस्ता दाखवला. मायाप्पा जमिनीकडे बघत होता.

मास्तर ओसरीवर आले. राघवाचार्य त्यांच्या जवळून आत गेले. मास्तर सुटले होते. शिवयोगी सुटला होता. वहाणा घालून घरी जायचं, अंबुबाईंना सगळं सांगायचं, कानडीत सांगायचं, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि डोळ्यांना पाणी आलं. पण अंगठा वहाणेत जाईना. ते खाली वाकून पायाशी झटत असतानाच आतून राघवाचार्यांचा आवाज ऐकू आला. "पहाटे उठलो. स्नान, संध्या आटोपली. कन्येनं दूध आणून दिलं, ते प्यालो आणि आपल्या आज्ञेप्रमाणे येथे हजर झालो." शब्द एकामागून एक, जिथल्या तिथं, भांडी घासून मांडून ठेवावीत तसे. राघवाचार्यांना दुसरं कसं बोलता येणार? त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. आत कुजबुज झाली. पडद्याआडचा माणूस म्हणत होता, "बोलनं तसंच वाटतंय, साहेब. आवाज जरा..." "जरा काय? तोच की नाही ते सांग," फौजदार म्हणाला.

मास्तर अनवाणीच परत आत गेले. आपण जात आहोत हे त्यांना दार ओलांडल्यावर कळलं. भीती गेली नव्हती, उलट इतकी वाढली होती की भिंती जवळ आल्यासारख्या वाटत होत्या. पण राघवाचार्य त्या पडद्यासमोर उभे होते, उपरणं नीट खांद्यावर घेऊन, आणि ते बघवत नव्हतं. मास्तरांना एकच वाक्य बोलायचं होतं. लहान, सोपं; पहिलीतल्या पोरानं बोलावं असं. "साहेब," ते म्हणाले, "ते आवाज माझी हाय."

फौजदारानं वळून पाहिलं. कारकुनानं तोंडावर हात धरला. मास्तरांनी परत पहिल्यापासून धरलं. एक एक शब्द शोधला. तो, ती, ते; माझा, माझी, माझं. आयुष्यभर ज्या कप्प्यांत हात घातला की नेमकी वस्तू हाताला लागायची, ते कप्पे रिकामे होते. "माझं हाय आवाज, साहेब. मी बोलली. ह्या माणूस न्हाय." ते अजिजीनं बोलत होते, हात जोडत होते, आणि जितकं खरं सांगायला जावं तितकं ते मोडत होतं. फौजदाराला आता हसू आवरेना. "आजोबा, तुम्ही? तुम्ही दुसऱ्याच्या चुका काढल्यात?" तो म्हणाला. मास्तरांनी मायाप्पाकडे पाहिलं. तू सांग, तुला ठाऊक आहे. मायाप्पानं मान फिरवली. त्यालाही बायकापोरं होती. मास्तरांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"'तो आवाज माझा आहे' असं म्हणावं, चन्नप्पा," राघवाचार्य म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. जन्मात कुणाची चूक न काढलेला माणूस. पडद्याखालची पावलं एकदम उभी राहिली. "ह्योच, साहेब," आतला माणूस म्हणाला. "अगदी अस्संच म्हनला हुता." फौजदाराचं हसू मावळलं. त्यानं कारकुनाला खूण केली आणि खुर्ची पुढं ओढली. राघवाचार्यांनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरचं गोपीचंदन घामानं ओघळलं होतं; ते शूर वगैरे काही दिसत नव्हते. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, जा. मायाप्पानं मास्तरांचा दंड धरला आणि त्यांना पायऱ्यांपर्यंत आणून सोडलं.

आतून विचारलेलं बाहेर स्पष्ट ऐकू येत होतं. वर कोण होता? त्याचं नाव काय? राघवाचार्य काहीतरी म्हणाले. मग तेच परत विचारलं गेलं, थोडं मोठ्यानं. मास्तर पायरीवर उभे होते. नाव त्यांच्या तोंडात होतं, राघवाचार्यांच्या नव्हतं. ते कितीही विचारलं तरी सांगू शकणार नव्हते, आणि जो सांगू शकत नाही त्याला किती वेळ विचारत राहतात हे मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा विचारल्याचा आवाज आला तेव्हा मास्तरांनी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले आणि ते रस्त्याला लागले.